विंगेतला आवाज

कुरूप मुखवटा घालून आलेल्या राजपुत्राच्या केवळ बोलण्यावर राजकन्या भाळते, अशी त्या जुन्या नाटकाची कथा. आमचा राजपुत्र मुखवट्याआडही देखणा दिसे. पाठांतराच्या नावाने मात्र शंख. म्हणून त्याची प्रत्येक ओळ मी विंगेच्या अंधारातून, संहिता छातीशी धरून, हलक्या आवाजात पुरवत असे.

"तोंड माझं, शब्द तुझे. तिला पटवायला आपण दोघं लागतो बघ," तो तालमीत हसत म्हणायचा. मीही हसायचो. इतक्या तालमी झाल्या, तरी आमच्या राजकन्येशी आपणहून एक वाक्य बोलण्याचं धाडस मला झालं नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशी नवल घडलं. राजपुत्र एकाही ओळीला अडला नाही, आणि एरवी सगळ्यांचेच संवाद तोंडपाठ असणारी राजकन्या शेवटच्या प्रवेशात नेमकी स्वतःच्या वाक्याला थांबली. प्रेक्षकांकडे पाठ फिरवून ती सावकाश माझ्या विंगेपाशी आली. मी तिचं वाक्य कुजबुजलो, "माझं तुझ्यावर प्रेम आहे."

तिने ते उचललं नाही. मी जरा मोठ्याने पुन्हा सांगितलं, "माझं तुझ्यावर प्रेम आहे."



"ऐकू आलं रे पहिल्यांदाच," ती माझ्याकडे बघत पुटपुटली, "वाक्य पाठच आहे मला. तू आपणहून कधी म्हणणार, याची वाट बघून दमले."