साचेवाल्याची गाठ

धुरंधर साहेबांचा कॉम्प्युटर सकाळपासून मुका होता. पडद्याच्या कोपऱ्यात तांबडी फुली आली होती आणि ती काही केल्या जात नव्हती. परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद त्याच्यातून जायचे, त्यामुळे बंदरावरून सारखं कुणीतरी फोन करून ओरडत होतं. साहेबांनी माऊस आपटून पाहिला, कॉम्प्युटरच्या डोक्यावर चापटी मारून पाहिली. शिकलेल्या माणसाचे उपाय तिथेच संपले. मग त्यांनी नेटवर्कवाल्या चंदूला बोलावून घेतलं.

झाडलोट आणि चहापाणी बघणारा धर्मा पँट्रीच्या दारात बशा पुसत उभा होता. पुसून झालेली बशी तो पुन्हा पुसत होता. काय बिघडलंय ते त्या ऑफिसात त्याला एकट्याला माहीत होतं.

आदल्या संध्याकाळी साहेबांच्याच सांगण्यावरून त्याने लोखंडी कपाट भिंतीकडे सरकवलं, आणि कपाटाचा पाय खालच्या निळ्या वायरीवर बसला. वायर तुटली. सांगायला हवं होतं, पण कुठल्या तोंडाने? साफसफाईच्या कंत्राटदाराचा मुकादम गणपत नुकताच बजावून गेला होता, की आता एक जरी तक्रार आली तरी बिल्ला काढून घेईन. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? घरी, भोईवाड्याला, बायको रखमाने लोकांची धुणीभांडी सोडली होती ती याच नोकरीच्या भरवशावर. तिचे गुडघे आता परत त्या कामाला वाकणारे नव्हते.

संपात बाहेर पडेपर्यंत धर्मा मिलच्या साचेखात्यात होता, कापड विणायच्या साच्यावर. तिथे धागा तुटला की कपाळाला हात लावून बसायचं नसतं. गाठ मारायची आणि साचा चालू करायचा. वायर सोलून बघितली तर आत रंगीत धागेच होते, आठ. त्याने रंगाला रंग लावला, निळ्याला निळा, हिरव्या-पांढऱ्याला हिरवा-पांढरा, आणि साचेवाल्याची बारीक, चपटी गाठ मारत गेला. इतक्या वर्षांनीही बोटं चुकली नाहीत. वर काळी चिकटपट्टी गुंडाळताना त्याला, खोटं कशाला सांगा, जरा बरंसुद्धा वाटलं होतं.

चंदू आला. लालबागचा, तिशीतला, कमी बोलणारा. त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायर काढली, फुंकर मारून परत लावली. मग शेजारच्या टेबलाची वायर ओढून आणून लावली, तशी फुली गेली. पण आता शेजारच्या कालिंदी मॅडमचं काम बंद पडलं आणि त्या कुरकुरायला लागल्या.

"मशीन ओके आहे सर. वायरमध्ये लोचा आहे," चंदू म्हणाला, आणि गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेने वायर चाचपत निघाला. तो एकेक फरशी पुढे सरकत होता. कपाटाशी येऊन तो थांबला. कपाट हलवायला त्याने हाक मारली ती धर्मालाच.

कपाटामागे दोघंच होते. चंदूने काळी पट्टी उलगडली. एका गाठीवरून त्याने अंगठा फिरवला.

"काका, साचेखात्यात होतात?" त्याने हळूच विचारलं.

धर्माने मान हलवली.

"माझे बाबापण." मग आणखी आवाज उतरवून, आजाऱ्याला समजवावं तसं तो म्हणाला, "काका, आतलं तांबं तांब्याला लागायला पाहिजे. वरचं प्लास्टिक तसंच ठेवून कितीपण गाठी मारा, काय जात नाय त्यातून."

त्याने तेवढा तुकडा कापला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि उभं राहून साहेबांना सांगितलं, "उंदीर सर. उंदराने कुरतडलीय. नवीन टाकतो."

वाचलो, असं धर्माला वाटलं. भरल्या ऑफिसात चंदूचे हात धरावेत असंही वाटलं.

साहेब चिडले नाहीत. चिडते तर बरं झालं असतं. त्यांनी कपाटामागे वाकून बघितलं, खुर्चीत येऊन बसले आणि गणपतला फोन लावला. ऑफिसात उंदीर झालेत, म्हणजे कपाटामागे कुणी झाडतच नाही, तेव्हा उद्यापासून दुसरा माणूस द्या, एवढंच त्यांनी शांतपणे सांगितलं. धर्माचं नावसुद्धा घेतलं नाही.

चंदू काहीतरी बोलायला पुढे झाला. धर्माने लांबूनच मानेने नको म्हटलं. खरं सांगून काय होणार होतं? उंदीर असो नाही तर गाठी, बिल्ला जायचा तो जाणारच होता. चंदूने खाली मान घालून नवी वायर टाकली आणि धर्माकडे न बघता निघून गेला.

सगळं सुरू झालं. कागद गेले, बंदरावरचे फोन थांबले. कालिंदी मॅडम खुशीत म्हणाल्या, "मामा, सगळ्यांना चहा करा आता." धर्माने चहा केला.

संध्याकाळी डबे रिकामे करताना वायरीचा तो तुकडा कचऱ्यात वर आला. धर्माने तो काढून घेतला. दोन टोकं दोन मुठींत धरली आणि अंगात होता तेवढा जोर लावून ओढला.

एकही गाठ सुटली नाही.