काकूंची चाळीस मिनिटं

दवाखान्यातल्या पडद्यावर कोळंबकर काकूंचं नाव आलं. थांबायचं शून्य मिनिटं, डॉक्टरांकडे चाळीस. बाकड्यावरचे सगळे काकूंकडे वळून बघू लागले. रांगेचं गणित मांडणारा संगणक कधी चुकत नसे, आणि चारऐवजी चाळीस मिनिटं मिळाली म्हणजे बातमी वाईटच असायची.

"रिपोर्ट छान आहेत," डॉक्टर सामंत म्हणाले.

"मग चाळीस मिनिटं कशाला हो?" काकूंनी उठता उठता विचारलं.

डॉक्टरांनाही नवल वाटलं. त्यांनी नोंद उघडली. "मागच्या पाचही खेपांना तुम्ही निघताना दारापाशी थबकलात. दर वेळी आधीपेक्षा जास्त. काहीतरी सांगायचं राहतंय, असं याचं गणित म्हणतंय."

काकू पुन्हा खुर्चीत बसल्या.

"दार लावून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि चाळिसात भागेल का, तेवढं विचारा त्याला."