जांभळी शाल

तीच जांभळी शाल. तिसऱ्या रविवारी, तिसऱ्या ठिकाणी.

दिपमालाने मेनूकार्डाच्या आडून खात्री करून घेतली. आधी मॉलमधलं बोलिंग, मग रिंग रोडवरचं कॉफीचं दुकान, आणि आज हे 'उबारा'. जळगावात थंडी पडली की त्यांची अख्खी सोसायटी या काचेच्या हॉटेलात येऊन बसायची. बाहेर बोचरा वारा, आत पिवळे दिवे, भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या. जांभळी शाल पांघरलेल्या बाई आणि त्यांच्याबरोबर कानाजवळ केस पिकलेले एक गृहस्थ. दर वेळी शेजारचंच टेबल.

एकदा झालं तर योगायोग. दोनदाही चालेल. तीनदा झालं म्हणजे त्यामागे आबा असणार.

सुकदेव आबा म्हणजे तिचे आजोबा. बाबा गेल्यावर ते धरणगावहून यांच्याकडे राहायला आले, त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षं त्यांनी हॉटेलच्या चहालासुद्धा नावं ठेवली. आणि आता दर रविवारी तेच सगळ्यात आधी टोपी घालून दारात उभे, सगळ्यांना हाकारत. "चाला, बठ्ठा चाला!"

"कमल, तू आठे बस," आबा खुर्ची दाखवत आईला म्हणाले. "आठे ऊब शे."

आई भिंतीकडेच्या खुर्चीवर बसली, तिच्या शेजारी मोहिनीताई. दोघींची तोंडं जांभळ्या शालीकडे.

दिपमालाला सगळं लख्ख दिसलं. ताई चोवीस वर्षांची. पुण्याला पीएचडी करायची म्हणून तिने बघायला येणाऱ्या पाहुण्यांना प्रवेशबंदी केली होती. "मी काय प्रदर्शनातला सोफा आहे?" असं तिने आबांना तोंडावर विचारलं होतं. म्हणून आबांनी ही पळवाट काढली. जेवता जेवता मुलगी दाखवून टाकायची, मुलीला पत्ताच नाही. वर्गातल्या सदफच्या मामेबहिणीचं असंच आइस्क्रीम खाता खाता जमलं होतं. तिचं कॉलेज तेव्हाच सुटलं.

म्हणजे ताईचं पुणं आता एकट्या दिपमालाच्या हातात होतं.

"अरे गिरधर, मफलर घे ना गळ्याला," शालवाल्या बाई म्हणाल्या.

नवऱ्याला अरे! हे मात्र दिपमालाला आवडलं. सासू मॉडर्न होती.

पण मुलगा कुठाय? तिन्ही वेळा आईबाप हजर, मुलगा गैरहजर. एकच अर्थ. मुलात खोट आहे.

गृहस्थ थोडे पुढे वाकले. "भरीत कसं वाटलं हो?"

"गॅसवर भाजलंय," आई म्हणाली. "कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास नाही याला."

"हेच! मी मघापासून हेच सांगतोय."

आई हसली. आबा ताटातच बघत होते, पण त्यांच्या मिशा हसत होत्या.

बरं! स्वयंपाकाची परीक्षा चाललीय तर.

"आमच्या ताईला वांगं भाजता येत नाही," दिपमालाने खणखणीत आवाजात जाहीर केलं. "टोचे मारायचं विसरते. मग ते फटाक्यासारखं फुटतं."

"दिपू, तुझं थोबाड फुटेल आता," ताई म्हणाली.

शालवाल्या बाई खळखळून हसल्या. "नसू दे येत. काही अडत नाही."

काही अडत नाही? सुनेला साधं वांगं भाजता येत नाही आणि काही अडत नाही? म्हणजे खोट चांगलीच मोठी होती.

घरी आल्यावर तिने आईला ओट्याशी गाठलं. "ती माणसं कोण गं?"

"आबांच्या ओळखीची." आई पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती. "तुला कशी वाटली?"

"बाई बऱ्या आहेत. काकाही ठीक. पण हे असं चोरून कशाला?"

"चोरून नाही गं." आईने फडकं पिळलं. "भीत भीत."

भ्यायलाच पाहिजे, दिपमाला मनात म्हणाली.

शनिवारी तिने ताईला पकडलं. "उद्या तू येऊ नकोस. कारण विचारू नकोस."

मोहिनी तिच्याकडे बघत राहिली. "तुला कळलंय?"

"माझ्यापासून काय लपतं?"

ताईने तिला मिठी मारली. जरा जास्तच घट्ट. "तसंही सोमवारी माझी मुलाखत आहे. तू आहेस ना तिथे, मग बास."

रविवारी तिघंच निघाले. एरवी पंजाबी ड्रेसवर स्वेटर चढवणाऱ्या आईने आज मोरपंखी साडी काढली होती. थंडीत कसली हौस, म्हणून दिपमालाने कपाळावर हात मारून घेतला.

'उबारा'त जांभळी शाल आधीच येऊन बसलेली. मुलाचा आजही पत्ता नव्हता. मात्र खुर्चीखालच्या पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती.

नारळ! म्हणजे आज पक्कंच करायला आले होते.

"आमची ताई आज येणार नाही," दिपमाला बसायच्या आधीच म्हणाली. "अजिबात येणार नाही."

ती त्यांचे चेहरे पडायची वाट बघत राहिली.

"नसेलच येत," गृहस्थ म्हणाले. "उद्या मुलाखत ना तिची? पुणं सोडायचं नाही म्हणावं."

आबांनी दाराकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. ताई नाही, तरी हे खूश. मग नारळ कोणासाठी?

बाईंनी पिशवी उघडली. नारळ बाहेर काढला, खण बाहेर काढला, आणि त्या सरळ तिच्याच दिशेने यायला लागल्या.

"मी दहावीत आहे!" दिपमाला ओरडली.

पलीकडच्या टेबलावरचे लोकसुद्धा वळून बघायला लागले. आबा ठसका लागेपर्यंत हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. गृहस्थ उठून उभे राहिले होते. उशिरा आलेल्या शाळकरी पोरासारखे, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

शालवाल्या बाई दिपमालाच्या खुर्चीला वळसा घालून पुढे गेल्या. "माझ्या भावासाठी," त्या आईला म्हणाल्या.

आईने आधी दिपमालाकडे पाहिलं. मग पदर पसरला.