भिंतीतला जोड

टीव्ही भिंतीवर चढला तरी लालासाहेब गुडघ्यावर बसून खालून तपासत होते. पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. स्क्रीनखालून त्यांनी बोट फिरवलं. वायर नाही, पट्टी नाही. सेट टॉप बॉक्ससुद्धा शेजारच्या कपाटात.

"ह्याला म्हणायचं काम, धनाजी. रहिमतपुरात डॉक्टरच्या घरी बघितलं मी. टीव्ही एवढा मोठा, आन खाली वायरी म्हशीच्या दाव्यागत लोंबत्यात."

वायरमन धनाजी उरलेले स्क्रू डबीत भरत राहिला.

चार दिवसांपूर्वी टीव्हीच्या वायरीसाठी भिंतीत झिरी मारताना त्याची छिन्नी आतल्या जुन्या वायरीला लागली होती. पलीकडच्या न्हाणीघरातल्या गिझरची वायर. ती बदलायची तर फरशा फोडायला हव्या होत्या. जोड द्यायचा तर त्यावर झाकणाचा डबा हवा, आणि तो टीव्हीखाली उठून दिसला असता. भिंतीवर काही दिसता कामा नये, असं लालासाहेबांनी तीनदा बजावलं होतं. त्या वेळी घरात कोणी नव्हतं. धनाजीने तुटलेली टोकं पिळली, टेप गुंडाळली आणि सिमेंट भरलं. त्यावर पुट्टी बसली, रंग बसला. असा जोड गाडणाऱ्याला तो स्वतः वीस वर्षं शिव्या घालत आला होता.

"दादा, चहा घ्या," सून संयोगिता धनाजीला म्हणाली. "आन पुढच्या महिन्यात उंब्रजला यायचंय बरं का, माझ्या माहेरी. फोटो बघून बाबा म्हणले, असाच टीव्ही लावायचा, माणूस बी हाच पायजे."

"बघतो."

"बघतो काय? मी शब्द दिलाय," लालासाहेब म्हणाले.

धनाजीने कप खाली ठेवला. "सुभेदार, त्या भिंतीत..."

"काय?"

"जरा ओल हाय अजून. दोन दिवस गिझर लावू नका."

"ओलीचा आन गिझरचा काय संबंध?" संयोगिता हसली. "पाहुणे आल्यात. सकाळी सहापासनं चालूच हाय."

लालासाहेबांनी टीव्हीचा आवाज वाढवला, चॅनेल बदलून पाहिलं. मग त्यांचं लक्ष आईकडे गेलं. टीव्ही लावताना बाजूला सरकलेल्या मनुबाई पुन्हा बरोबर टीव्हीखाली, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसल्या होत्या.

"आवं आई, टीव्ही तुमच्या डोक्यावर हाय. हिकडं येऊन बसा, म्हंजे दिसंल."

"मला न्हाई बघायचा तुजा टीव्ही. मी हितं बरी हाय."

"आज्जी, उठा तिथनं," धनाजी म्हणाला.

"का रं? सकाळपासनं पाठीला शेक मिळतोय." मनुबाईंनी मागे हात नेऊन भिंत चाचपली आणि कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं. "काय घातलंस रं बाबा ह्या भिंतीत?"