चालू स्थितीत

"या चिकटपट्टीवर माझी सही आहे, सिस्टर. ती जागेवर आहे ना, एवढंच मला बघायचंय," ऑरेल म्हणाला. खुर्चीतल्या म्हाताऱ्या बापाचा उजवा हात डाव्या मनगटावर पडला होता. तो त्याने टेबलावरचा पेपर सरकवावा तसा बाजूला केला आणि बाही वर ओढली.

इल्दा नर्स आजोबांच्या गुडघ्यांवरचं पांघरूण नीट करत राहिली.

सही जागेवर होती. एप्रिलमध्ये बापाला या वृद्धाश्रमात ठेवलं, तेव्हा सोन्याचं घड्याळ काढून न्यायचाच त्याचा बेत होता. पण बहीण आडवी आली. पप्पांचं घड्याळ पप्पांच्याच हातावर राहील, म्हणाली. मग ऑरेलने पट्ट्याच्या कडीवर चिकटपट्टी गुंडाळून वर सही ठोकली. इथले आचारी, सफाईवाले, या पोर्तुगीज नर्सा, त्याच्या लेखी झाडून सगळे चोर होते.

जिनिव्हात तो श्रीमंतांच्या मौल्यवान चीजवस्तूंचे विमे उतरवायचा. घड्याळं कशी जपावीत, यावर लोकांना तासभर ऐकवायचा. ट्रेनमध्ये बाही बोटांपर्यंत हवी. खिडकीबाहेर हात काढायचा नाही. हॉटेलच्या तिजोरीवर विश्वास ठेवायचा नाही. नुकताच तो पंधरा दिवस नेपल्सला जाऊन आला, तेही मनगटावर प्लास्टिकचं घड्याळ बांधून. खरं घड्याळ घरी एका विजेच्या पेटीत गोल गोल फिरत होतं. असल्या घड्याळाला हाताच्या हालचालीनेच किल्ली बसते. दोन दिवस नुसतं पडून राहिलं की ते बंद पडतं.

बापाला यातलं काही पटायचं नाही. अर्मां मात्ते जुराच्या डोंगरात लाकडाची सॉ मिल चालवायचा. हे घड्याळ घालूनच तो ओंडके ढकलायचा आणि हे घड्याळ घालूनच मासे धरायला तळ्यात हात घालायचा. "घालायचं नसेल तर घ्यायचं कशाला?" म्हणायचा. ऑरेलला त्याची लाज वाटायची. लहानपणी बाप त्याला मूठ वळायला लावून महिने मोजून घ्यायचा. उंचवट्यावरचा महिना एकतीसचा, खळग्यातला छोटा. छोटा महिना संपला की बाजूची चावी फिरवून घड्याळाची तारीख हाताने पुढे करायची, कारण त्या यंत्राला महिने कळत नाहीत. "घड्याळ सोन्याचं असलं तरी अक्कल आपलीच लागते," असं म्हणून वर एक टपली द्यायचा. त्या टपलीचा राग ऑरेलच्या मनातून अजून गेला नव्हता.

आता हिशेब चुकता व्हायचा होता. फेब्रुवारीत बापाला झटका आला. वाचा गेली, हात गेले, समजही गेली, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. तीन वाजता नोटरी बाई येणार होत्या. त्यांची सही झाली की बापाच्या नावावरच्या काडीकाडीवर ऑरेलचा अधिकार.

"सोमवारी मिल विकून टाकतो," तो नर्सला म्हणाला. "आणि यांना सीमेपलीकडच्या एखाद्या होममध्ये नेऊन टाकतो. इथला थाट हवाय कुणाला? यांना जुरा काय नि गोठा काय!"

"हळू बोला, साहेब. माणूस समोर बसलाय."

"माणूस? बाई, हा कोबीचा गड्डा आहे. रोज पाणी घालताय तुम्ही, तुम्हाला माहीत नाही?"

इल्दाने एकदा आजोबांकडे पाहिलं आणि ती उशी बडवू लागली.

नोटरी बूर्कें बाई तीनच्या ठोक्याला आल्या. कोट न काढताच त्या खुर्चीसमोर वाकल्या.

"मस्यू मात्ते, तुमचा सगळा कारभार मुलाच्या हाती द्यायला तुमची हरकत आहे का?"

म्हातारा खिडकीकडे बघत राहिला.

"भिंतीला विचारा, मॅडम. ती लवकर बोलेल," ऑरेल हसला.

बाई हसल्या नाहीत. "विचारावं लागतं. सही करण्याआधी पुन्हा एकदा विचारेन. तोवर अंगावरच्या वस्तूंची यादी करू. तुम्ही सांगा, मी लिहिते."

ऑरेलने नखाने चिकटपट्टी सोलली, कडी उघडली आणि घड्याळ तळहातावर घेतलं. बापाने हात ओढला नाही की मान वळवली नाही. विम्याच्या कामात रोज सांगायचा त्याच सुरात ऑरेल सांगू लागला.

"सोन्याचं मनगटी घड्याळ, एक. काचेवर चरे. पट्टा झिजलेला. चालू स्थितीत."

"चालू स्थितीत," म्हणत बाईंनी लिहिलं.

ऑरेल थबकला. तळहातावर सेकंदकाटा शांतपणे फिरत होता.

मग त्याने मनाची समजूत घातली. धुतापुसताना नर्स हात हलवत असणार. तेवढ्याने बसली असेल किल्ली. वेळ बघावी म्हणून त्याने बाही मागे केली आणि स्वतःचं घड्याळ शेजारी धरलं. दोन्ही घड्याळांत तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

त्याच्या घड्याळात तारीख होती दोन. बापाच्या घड्याळात तीन.

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तीन जुलै.

"सिस्टर!" त्याचा आवाज चढला. "या घड्याळाला हात कोणी लावला?"

इल्दा उशी छातीशी धरून उभी राहिली. उत्तर खुर्चीतून आलं. आवाज जड होता, पण शब्द न् शब्द स्पष्ट होता.

"जूनचे दिवस तीसच असतात, ऑरेल. हं, मॅडम, आता तुमचा तो प्रश्न पुन्हा विचारा."