थॅकरिगांची अकरा घरं

थॅकरिग हे आडनाव माझं, पण त्याचं वेड माझ्या बायकोला, विनीला. यॉर्कशायरमधल्या आमच्याच दरीतल्या एका शेतावर हे नाव जन्मलं आणि गिरण्या-खाणींच्या मागे देशभर पांगलं, हे तिनं चर्चच्या जुन्या वह्यांतून शोधलं. आता आमचं धरून अकराच घरं उरली होती. प्रत्येक घरी जाऊन चहा प्यायचा, मगच नकाशावर टाचणी लावायची, असं तिनं ठरवलं होतं. एकही टाचणी लागण्याआधी, फेब्रुवारीत ती वारली.

एप्रिलमध्ये कॉर्नवॉलहून फोन आला. "काल तुमच्या मिसेस येऊन गेल्या हो! आमच्या आजोबांचं सगळं लिहून घेतलं."

ती वारल्याचं मला सांगवलं नाही. मी म्हटलं, "तब्येत कशी वाटली तिची?"

"ठणठणीत! केकचे दोन तुकडे खाल्ले आणि तुमच्या घोरण्याला नावं ठेवली."

मी टाचणी लावली. मग ब्रिस्टल, डर्बी, लीड्स. प्रत्येक फोन आधीच्यापेक्षा जवळून येत होता. मी फोनपाशीच बसू लागलो.

आज दुपारी दहावा फोन आला. टेकडीपलीकडून, माझ्या चुलत बहिणीचा. एडिथनं विनीला मातीत ठेवताना पाहिलं होतं.

"विल्फ, दाराला कडी घाल."

"का गं?"

"विनी आली होती. चहा प्यायली. आत्ताच निघाली, म्हणाली, एकच घर राहिलंय."

"पायी निघाली?"

"अरे, ऐकतोयस ना? कडी घाल आधी!"

कडी घातलेलीच होती. मी जाऊन ती काढली.