साडूचं शहर वगळून

लेकीच्या शिक्षणाचा निर्णय आईवडिलांनी एकमुखानं घ्यावा, असं बाबांचं ठाम मत होतं. म्हणूनच गेला आठवडाभर घरात अबोला होता.

लेकीला अमेरिकेत आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाची पदवी घ्यायची होती. तीन विद्यापीठांनी बोलावलंय, तुम्ही दोघं ठरवा, असं तिनं सांगितलं होतं. आई स्वयंपाकघरात, बाबा गॅलरीत, आणि निरोपांची ने-आण लेकीकडे.

"आई म्हणतेय, पश्चिमेकडचं घ्या. तिथे मावशी आहे."

"मावशी आहे म्हणजे तिचा नवराही आहे," बाबा म्हणाले. "साडूचे उपकार मी जन्मभर ऐकून घेणार नाही. पूर्वेकडचंच. नाव आहे त्याचं."

लेक आत गेली. "बाबा पूर्वेवर अडून बसलेत."

"त्यांना म्हणावं, स्वतः पंख्याखाली शिंकता आणि पोरीला बर्फात पाठवता?"

मग लेक मधल्या दारात उभी राहिली, दोघांना ऐकू जाईल अशी. "तिसरं मधोमध आहे. मावशी नाही, बर्फही बेताचा. पण राहू दे, तुम्हाला नाही पटायचं."

"का नाही पटायचं?" दोघं एकदम म्हणाले.

आपण जिंकलो असं कुणालाच वाटलं नाही, पण समोरचा हरला याची दोघांनाही खात्री होती. बाबांनी लेकीच्या पाठीवर थाप मारली. "बघ, वाटाघाटी अशा करायच्या असतात. शिकून घे."

"हो बाबा," म्हणत ती होकार कळवायला बसली. बाकी दोन्हीकडे तिनं अर्जच केला नव्हता.